नावात दडलेली भाडेवाढ

एके काळी रेल्वेचे भाडे वाढवायचे झाले की रेल्वेमंत्र्यांना ते बहुधा अर्थसंकल्पाच्या दिवशी लोकसभेत बोलून दाखवावे लागे. २०१७ पासून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पच बंद झाला. आता भाडे परिपत्रकाने वाढते. पण परिपत्रक निदान वाचता तरी येते. गाडीचे नाव बदलून केलेली भाडेवाढ सामान्य प्रवाशाला खिडकीपाशी उभे राहिल्यावरच कळते.

मार्च २०२० मध्ये बंद पडलेल्या पॅसेंजर गाड्या पुढे सुरू झाल्या त्या ‘विशेष’ म्हणून, एक्स्प्रेसचे भाडे लावून. डबे तेच, थांबे तेच. मात्र दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपयांचे झाले. अनावश्यक प्रवास टळावा म्हणून भाडे चढे ठेवल्याचा खुलासा रेल्वेने फेब्रुवारी २०२१ मध्ये केला. साथ ओसरली, भाडे मात्र फेब्रुवारी २०२४ अखेरपर्यंत उतरले नाही.

महाराष्ट्रातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. खेड्यातून तालुक्याच्या गावी शिकायला जाणाऱ्या मुलाचा हा प्रवास अनावश्यक होता काय? जाऊन-येऊन रोज चाळीस रुपये जादा, म्हणजे पंचवीस दिवसांचे हजार रुपये! विद्यार्थ्यांना अर्ध्या दराचा पास मिळतो, हे खरे. परंतु त्यासाठी महाविद्यालयाचे ठरावीक नमुन्यातील पत्र लागते आणि महिन्याचे पैसे एकरकमी मोजावे लागतात. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात तीच मोठी अडचण असते. मुलींना पदवीपर्यंत व मुलांना बारावीपर्यंत मोफत पास देण्याची घोषणा २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाली होती. ती किती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली आहे?

प्रवासी वाहतूक तोट्यात चालते, असे उत्तर दिले जाते. प्रवासखर्चापैकी केवळ ५७ टक्के वसूल होतात, असे तिकिटावर छापण्याचा प्रघातही रेल्वेने पाडला. शिकायला निघालेल्या मुलाला आपण सरकारवरचा बोजा आहोत याची रोज आठवण करून देणे हे कल्याणकारी राज्याला शोभणारे नाही. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या आणि १९७७ मध्ये वर्गविरहित गीतांजली एक्स्प्रेस धावली. रेल्वे ही लोकसेवा आहे, ही त्यामागची धारणा होती.

जून २०१४ मध्ये भाडे १४.२ टक्क्यांनी वाढले आणि मुंबईच्या उपनगरी पासाचा हिशेब पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर करण्याचे ठरले. मुंबईकर खवळले. २४ जूनला पासाचा जुना हिशेब परत आला आणि ८० किलोमीटरपर्यंतचा दुसऱ्या वर्गाचा उपनगरी प्रवास वाढीतून वगळला गेला. २०२५ च्या जुलै व डिसेंबरमधील भाडेवाढीतही उपनगरी प्रवासाला आणि पासाला हात लावलेला नाही. मुंबईचा आवाज चार दिवसांत दिल्लीला पोहोचला. पॅसेंजरच्या प्रवाशांना मात्र तीन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली, कारण ते विखुरलेले होते.

त्यांना एकत्र आणणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. शैक्षणिक वर्ष सुरू होताच त्यांनी महाविद्यालयात बसून सवलतीचे अर्ज भरून द्यावेत. गाडीच्या प्रकारानुसार भाड्याचा मराठी फलक प्रत्येक स्थानकावर लागलाच पाहिजे, असा आग्रह धरावा. आणि संसदेत चर्चा झाल्याखेरीज भाडे वाढविता कामा नये, तसेच भाडे वाढविण्यासाठी गाडीची वर्गवारी बदलता कामा नये, ही मागणी प्रत्येक खासदाराच्या दारापर्यंत न्यावी.