फुकटच्या विमान तिकिटाचं बिल कोण भरतं?



सध्या महिला मंडळाच्या ग्रुपवर स्तवनांपेक्षा क्रेडिट कार्डांची चर्चा जास्त चालते. अमक्या विमान कंपनीचं कार्ड घ्या, किराणा त्यावर भरा, माइल्स जमवा आणि वर्षाअखेर फुकट फिरून या! मला हे अजिबात पटत नाही. का ते आज स्पष्टच लिहिते.

आधी ‘फुकट’ हा शब्द बाजूला ठेवू. आपल्यापैकी निम्म्या घरांत दुकान आहे. कार्ड मशीनवर घासलं की बँक दुकानदाराच्या रकमेतून दोन टक्क्यांच्या आसपास कापून घेते, हे आपण रोज रात्री जेवताना ऐकतो. तुमचे माइल्स बऱ्याच अंशी त्याच पैशातून येतात. म्हणजे नवऱ्याने गल्ल्यावर बसून कपातीबद्दल कुरकुर करायची, आणि बायकोने शेजारच्या दुकानात तीच कपात घडवून माइल्स मिळाले म्हणून खूश व्हायचं!

आता हिशेब. समजा कार्डाची वर्षाची फी ३,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४० झाले. १०० रुपयांच्या खर्चामागे १ रुपयाचा फायदा धरला, तर नुसती फी वसूल व्हायला वर्षाला ३,५४,००० रुपये, म्हणजे महिन्याला २९,५०० रुपये कार्डावर खर्च व्हायला हवेत. दूध, भाजी, घरकामाच्या ताईंचा पगार कार्डावर जात नाही. पेट्रोलवर बहुतेक कार्डं काही देत नाहीत. मग आकडा गाठायला काय करायचं? नको असलेली साडी घ्यायची.

आणि एखाद्या महिन्यात बिल पूर्ण भरलं नाही तर? कितीतरी कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४२. दिवाळीचे ४०,००० महिनाभर थकले की १,४०० रुपये व्याज, त्यावर २५२ जीएसटी. हे १,६५२ रुपये माइल्समधून परत मिळवायला १,६५,२०० रुपयांची खरेदी लागेल. ‘मिनिमम ड्यू भरला की झालं’ असं सांगणारीला हे नक्की दाखवा.

शिवाय माइल्स म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. कंपनी मनात येईल तेव्हा त्यांचं मोल कमी करते. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट्स तिकडे गेले, पण फुकट तिकिटाच्या आशेने घेतलेली तिची कार्डं बँकांनी गुंडाळायला घेतली.

आपल्या पाचगणीचंच बघा. पुण्याचा विमानतळ गाठायचा तर पसरणी घाट उतरून शंभरावर किलोमीटर गाडी करावी लागते. माइल्सवर तिकीट काढलं तरी कर आणि विमानतळाचे आकार बहुतेक वेळा रोख भरावेच लागतात. लाउंजमधलं फुकट जेवण म्हणाल, तर तिथे कांदा-बटाटा नसलेलं शोधेपर्यंत सूर्यास्त होतो. आपला मोठा प्रवास शिखरजीचा. त्यासाठी कोल्हापूरहून मिरजमार्गे धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आहे. रांचीला विमानाने उतरलात तरी पुढे मधुबनपर्यंत कित्येक तास गाडीचा रस्ता आहेच.

ज्या मुलीला नोकरीसाठी महिन्याला दोनदा बेंगळुरू-दिल्ली करावं लागतं आणि जी बिल तारखेच्या आत पूर्ण भरते, तिला असं कार्ड परवडतं. तिने जरूर घ्यावं. पण तिचा हिशेब आपल्या घराला लावू नका.

मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. ‘बोलीची रक्कम कार्डाने भरली तर माइल्सही मिळतील,’ असं मंडळात कोणी तरी म्हणालं आणि चार जणींनी माना डोलावल्या. अहो, दान देताना परतावा मोजायचा? आणि माइल्सची मुदत चातुर्मासात संपत असेल तर? दिग्व्रतात आपण स्वतःहून जाण्या-येण्याची मर्यादा बांधतो, आणि इथे बँक मेसेज पाठवणार, ३१ तारखेच्या आत उडा!

पुढच्या बैठकीत कोणी कार्डाची गोष्ट काढली, तर तिला तीन आकडे कागदावर लिहून आणायला सांगा. गेल्या वर्षी फी किती भरली, व्याज किती भरलं, आणि माइल्सवर प्रत्यक्षात किती तिकिटं काढली.