'खेळण्यातली भाषा' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास (दीर्घ धागा)

"प्रोसेसिंग? ती कलाकारांना खेळायला दिलेली भाषा. खरे प्रोग्रामिंग शिकायचे तर सी प्लस प्लसपासून आरंभ करा." हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. अलीकडे त्याला एक शेपूट जोडले गेले आहे: आता एक वाक्य लिहिले की यंत्रच चित्र काढून देते, मग कोड शिकायचा कशाला? मित्रहो, ही दोन्ही विधाने मोठ्या आत्मविश्वासाने केली जातात आणि दोन्ही इतिहासाच्या अज्ञानावर उभी आहेत.

प्रथम तथ्ये पाहू. प्रोसेसिंगचा आरंभ २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी केला. दोघेही एमआयटी मीडिया लॅबमध्ये जॉन माएदा यांच्या गटातले विद्यार्थी. माएदा यांनी १९९९ मध्ये 'डिझाइन बाय नंबर्स' ही भाषा पुस्तकासह प्रसिद्ध केली होती. तिच्यातला कागद १०० बाय १०० ठिपक्यांचा, रंग नाहीतच, ० म्हणजे पांढरा, १०० म्हणजे काळा. शिकवण्यासाठी उत्तम, पण त्या चौकटीबाहेर जायला वाट नव्हती. रीस आणि फ्राय यांनी ती वाट काढली.

वाट कशी काढली, हे नीट पाहण्यासारखे आहे. जावा भाषेत पडद्यावर एक वर्तुळ उमटवायचे तर आधी खिडकी उभारावी लागते, तिचा आकार सांगावा लागतो, चित्र केव्हा काढायचे याची व्यवस्था लावावी लागते. प्रोसेसिंगमध्ये 'एलिप्स' हा एक शब्द आणि कंसात चार आकडे: मध्यबिंदू आडवा कुठे, उभा कुठे, रुंदी किती, उंची किती. बस. आणि गंमत अशी, की आतमध्ये जावाच चालते! ज्याला पुढे जायचे आहे त्याच्यासाठी मागचे दार उघडेच आहे. येथे लिहिलेल्या प्रोग्रामला 'स्केच', म्हणजे रेखाटन, म्हणतात आणि ती जिथे साठतात त्या जागेला 'स्केचबुक'. चित्रकार जसा आधी वहीत हात चालवून पाहतो, तसाच कोडही चालवून पाहावा, हा विचार त्या नावांतच आहे.

'खेळणे' म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. आर्डुइनो हा छोटा सर्किट बोर्ड आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी सर्रास वापरतात. त्याच्या प्रोग्रामलाही 'स्केच'च का म्हणतात? कारण २००३ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे एर्नांदो बार्रागान या विद्यार्थ्याने प्रोसेसिंगच्या आधारावर 'वायरिंग' हा प्रकल्प उभा केला आणि आर्डुइनो त्यातून पुढे आला. (बार्रागानचे नाव आर्डुइनोच्या गौरवकथांत फार उशिरा येते, कधी येतही नाही. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) म्हणजे अभियंत्यांच्या टेबलावरचे ते साधन कलाकारांच्या वहीतून आले आहे.

ही तुच्छता नवीही नाही. फक्त तिचे तोंड फिरले आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये स्टुटगार्ट येथे गेओर्ग नेस यांनी संगणकाने काढलेली रेखाचित्रे मांडली, तेव्हा उपस्थित कलावंत खवळले. त्यांना शांत करण्यासाठी तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांनी त्या चित्रांना 'कृत्रिम कला' असे नाव देऊन टाकले. तेव्हा कलावंत म्हणत होते, ही कला नव्हे. आज प्रोग्रामर म्हणतात, हे प्रोग्रामिंग नव्हे. कुंपणावरचे पहारेकरी बदलले, कुंपण तेच राहिले.

प्रोसेसिंगच्या चाहत्यांनाही मात्र मोकळे सोडता येत नाही. "२००१ पूर्वी संगणक फक्त अभियंत्यांचा होता" ही त्यांची आवडती कथा साफ खोटी आहे. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या चित्रकार व्हेरा मोल्नार यांनी १९५९ पासून 'काल्पनिक यंत्र' नावाची पद्धत वापरली: स्वतःच नियम घालायचे आणि यंत्राप्रमाणे ते हाताने पाळायचे. १९६८ मध्ये पॅरिसमध्ये त्यांना खरा संगणक मिळाला आणि त्या फोर्ट्रान शिकल्या. कोणी सोपी भाषा हातात दिली नव्हती. तसेच लोगोचे. १९६७ मध्ये मुलांसाठी घडलेली ही भाषा सेमूर पॅपर्ट यांच्या एकट्याच्या नावावर खपवली जाते. सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग ही नावे तळटीपेत ढकलली जातात. सोपेपणा ही कोणा दोन प्रतिभावंतांची २००१ मधली देणगी नव्हे. त्यामागे अनेकांचे, आणि त्यांत स्त्रियांचेही, काही दशकांचे काम आहे. हा इतिहास पुसला की सोपेपणा फुकटचा वाटू लागतो आणि फुकटच्या वस्तूला खेळणे म्हणणे सोपे जाते.

खरा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो इंग्रजीवर घ्या. भाषा कितीही सोपी केली तरी तिचे शब्द इंग्रजीच राहिले. २०१३ मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी सुरू केलेल्या पी-फाइव्ह-जेएसने वेगळे काही बसवून घेण्याची अट काढली, ब्राउझर पुरेसा ठरला. पण मराठी माध्यमातून आलेल्या कलाशाखेच्या मुलीला 'एलिप्स' आणि 'फिल' आधी इंग्रजी शब्द म्हणूनच भेटतात. तिला "आधी सी प्लस प्लस शिक" असे सांगणारा माणूस कठोर शिक्षक नसतो. तो दारात उभा राहून वाट अडवत असतो.

आता ते शेपूट: वाक्यावरून चित्र. मोल्नार यांच्या १९७४ च्या '(देझ)ऑर्द्र', म्हणजे '(अ)व्यवस्था', या चित्रमालेत एकात एक बसवलेले चौकोन आहेत आणि त्यांचे कोपरे किंचित ढळलेले आहेत. ढळणे किती असावे, हाच तिथला सारा कलानिर्णय. वाक्य लिहून तुम्ही "थोडे विस्कटलेले" एवढेच सांगू शकता. ते "थोडे" म्हणजे किती, हे यंत्र ठरवते. प्रोसेसिंगमध्ये 'रँडम' या शब्दापुढच्या कंसात तुम्ही २ लिहिता, मग ३, मग ५, आणि कोणत्या आकड्यावर चौकोन चौकोन राहत नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहता.