टेबलावरचा कच्चा गडी कोण?

परवा शिवारफेरीत एका तरण्या पोरानं विचारलं, "साहेब, मोबाइलच्या पोकरात पैसा सुटणारं टेबल कसं हुडकायचं?"

पोकरात कंपनी पदरचं काही देत नाही. जिंकलेला पैसा समोरच्याच्या खिशातला, आणि कंपनी अड्डेवाल्यासारखी त्यातून नाल कापते. म्हणून मुरलेला खेळाडू आधी कच्चा गडी हुडकतो. प्रत्येक डावात पैसे लावणारा, हरला की चिडून दुप्पट लावणारा. सोयाबीनची पट्टी घेऊन रात्री बसलेला आपला पोरगा तोच की!

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. देशी कंपन्यांनी टेबलं गुंडाळली. आता लिंक येते ती बहुतेक बाहेरची. तिथं पैसे अडकले तर दाद कुणाकडं मागणार? पट्टी आली की आधी सोसायटीचा हप्ता भरा.