हद्द मिळाली, बाजाराचे काय?



विदर्भातल्या जिल्हा बैठकांपुढे जो ठराव यायचा आहे त्याचा कच्चा मसुदा आमच्याकडे आला आहे. 'आमचे पाणी, आमचा कोळसा, आमचा कापूस, आमचे राज्य' अशी त्याची सुरुवात. वेगळ्या राज्याला आमचा विरोध नाही. लहान राज्य शेतकऱ्याच्या हाताला लवकर लागते, हे आम्ही मानतो. पण मसुदा तीनदा वाचला आणि एक गोष्ट त्यात कुठेच सापडली नाही. नव्या राज्याच्या हद्दीवर नाका असणार की नाही? असला, तर तिथे कापसाची गाडी अडवण्याचा अधिकार कोणाला? 'आमचा कापूस' यातला 'आमचा' म्हणजे नेमका कोणाचा, पिकवणाऱ्याचा की मंत्र्याचा?

हा प्रश्न काढला की काही मित्र रागावतात. म्हणतात, आधी राज्य मिळू द्या, मग नाक्याचे बघू. 'मग बघू' म्हणणाऱ्या एका मोठ्या देशाचे काय झाले ते आधी पाहू.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले आणि युरोपीय संघातून बाहेर पडायचे ठरले. त्या प्रचारात झेंडा दिला होता कोळ्यांच्या हाती. त्या देशाच्या उत्पन्नात मासेमारीचा वाटा हजारात एक रुपयाही नाही. पण पुढाऱ्याला कोळी हवा असतो. आपल्याकडे सभेच्या मांडवात बैलगाडी उभी करतात, तसा. 'आपला समुद्र आपल्या ताब्यात' ही घोषणा. कोळ्याला ती खरी वाटली, कारण त्याचे दुःख खरे होते. त्याच्या डोळ्यांदेखत फ्रान्स-स्पेनच्या बोटी मासे नेत होत्या.

पण मासे पकडून विकायचे कोठे? ब्रिटनच्या जाळ्यात येतात बांगड्याच्या जातीचे मासे, हेरिंग, खेकडे, शिंपल्या. इंग्रज ते फारसे खात नाही. तो खातो कॉड आणि हॅडॉक, आणि त्यांतले बरेचसे बाहेरून येतात. म्हणजे समुद्र घरचा, पण गिऱ्हाईक हद्दीपलीकडचे. १ जानेवारी २०२१ पासून नवी व्यवस्था लागू झाली. जकात शून्य, असे करारात लिहिलेले. पण जकात गेली आणि कागद आला. प्रत्येक खेपेला आरोग्य दाखला, प्रत्येक पेटीची नोंद, बंदरावर तपासणी. मासा म्हणजे काही ज्वारी नव्हे की कणगीत भरून ठेवावी. वाटेतच त्याचा भाव उतरला. १८ जानेवारीला मासळीवाल्यांनी आपले ट्रक लंडनला पंतप्रधानांच्या कचेरीजवळ आणून उभे केले. बऱ्याच ठिकाणच्या जिवंत शिंपल्या तर शुद्ध केल्याशिवाय युरोपने घेणेच बंद केले. नियम जुनाच होता, परक्यांना लागू असलेला. कालपर्यंत हे घरातले होते, आता परके झाले.

आणि ज्या समुद्रासाठी हे सारे झाले, तो तरी मिळाला का? युरोपच्या बोटींचा वाटा साडेपाच वर्षांत २५ टक्क्यांनी उतरवायचे ठरले होते. मे २०२५ मध्ये ब्रिटनच्याच सरकारने त्या बोटींची मुभा २०३८ पर्यंत वाढवून दिली आणि त्याच बैठकीत खाद्यमालावरचे कागद कमी करण्याची बोलणी पुढे नेली. उरलेल्या माशांचा कोटा तरी लहान कोळ्याला? तोही नाही. दहा मीटरपेक्षा लहान बोटी संख्येने सर्वांत जास्त, कोट्यात त्यांचा वाटा किरकोळ. कोट्याचा मोठा भाग थोड्या कंपन्यांकडे, आणि त्यातला काही त्यांनीच पूर्वी परदेशी मालकांना विकलेला. ही वाटणी युरोपने केली नव्हती. ती लंडनची होती, आणि लंडनची वाटणी बदलायला सार्वमत लागत नाही.

बाहेर पडणेच चूक, असा अर्थ कोणी काढू नये. ग्रीनलंडही बाहेर पडला. डेन्मार्कबरोबर तो १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेला होता, मासेमारीवरून बिनसले, १९८२ मध्ये लोकांनी कौल दिला आणि १९८५ मध्ये तो बाहेर आला. पण निघताना त्याने बोली केली: तुमच्या बोटींना आमच्या पाण्यात ठरीव मासा, त्याचे पैसे आम्हाला, आणि आमचा मासा तुमच्या बाजारात बिनजकात. मूठभर लोकांचा मुलूख, पण बाजाराची किल्ली खिशात टाकूनच उंबरा ओलांडला.

आता घरी येऊ. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. महाराष्ट्र मिळाला, त्यासाठी माणसांनी रक्त सांडले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण हद्द आखताना नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली गावे उचलून पलीकडे टाकली. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात आजही अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. लोक तिथे हौसेने फोटो काढतात. आमच्या घरच्यांना मात्र त्या रेषेचे वेगळे रूप माहीत आहे.

१९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस बाहेर पडला. कापसाचे जगातले हे पहिले संकरित वाण; कृषी महाविद्यालयात आम्हाला ते तोंडपाठ करायला लावले होते. बी हद्द ओलांडून आले, कोणी अडवले नाही. १९७२ मध्ये तापीवर उकाईचे धरण पुरे झाले, त्याचे पाणी आपल्याकडच्या गावांत शिरले, घरेदारे बुडाली. पाण्यालाही कोणी अडवले नाही. त्याच १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, आणि कापूस मात्र त्या रेषेपाशी अडला. सरकारशिवाय कोणाला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. बी यावे, पाणी यावे, कापूस जाऊ नये!

एकाधिकाराने काहीच भले केले नाही असे म्हणणे खोटेपणा होईल. बाजार पडलेल्या वर्षी हमीभावाचा आधार होता, आणि अशा वर्षी शेजारच्या राज्यांतलाच कापूस चोरून आपल्या केंद्रांवर यायचा. पण पलीकडे भाव चढला की हीच योजना फास व्हायची. केंद्रावर गाड्यांची रांग, तीन-तीन रात्री बैल जुवाखाली, ग्रेडर दुपारी येणार, आला की प्रत उतरवणार, आणि चुकारा कधी मिळेल ते देवाला ठाऊक. आम्ही शाळेत असताना आमच्या काकांनी एकदा रात्री गाडी पलीकडे घातली. नाक्यावरच्या एका शिपायाने चहापाण्याचे घेतले, परतताना पुन्हा घेतले. एवढे देऊनही पैसे घरच्या केंद्रापेक्षा जास्त आले, आणि रोख आले. काका वर्षभर ते कोणाला सांगत नव्हते. आपल्या शेतातला कापूस विकून आलेला माणूस चोरासारखा गप्प बसला होता.

तीस वर्षे हे चालले. २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली तेव्हा नाक्याचा जोर गेला. आणि ही हद्द कोणा परक्याने घातलेली नव्हती. आपल्याच राज्याने, आपल्याच विधानसभेत, आपल्याच भाषेत कायदा करून घातली होती. भारताच्या राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमात देशभर व्यापार मोकळा असल्याचे लिहिले आहे. पुढच्याच कलमांत तो अडवण्याच्या वाटाही लिहून ठेवल्या आहेत. ज्वारीवाल्यांनी हसू नये. लेव्ही आणि जिल्हाबंदी कशी असायची ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

हे आम्ही महाळुंग्यात बसून लिहितो आहोत. इथून जवळ, चाकणला, १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनी रस्ता अडवला होता. आज त्या शिवारात कारखाने उभे आहेत. चाकणच्या पट्ट्यात तयार झालेल्या मोटारी मेक्सिकोपर्यंत गेल्या. देशात मोटार महाग झाली म्हणून तिच्या निर्यातीवर बंदी आली, असे कोणी कधी ऐकले आहे का? याच मातीतल्या कांद्यावर मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क बसले आणि डिसेंबरपासून मे २०२४ पर्यंत बंदीच. कापसाची निर्यात मार्च २०१२ मध्ये एका फटक्यात थांबवली होती. उलट १९ ऑगस्ट २०२५ ला परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आणि आधी सप्टेंबरअखेरपर्यंत असलेली सूट डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली, म्हणजे आपली वेचणी ऐन भरात असताना. शुल्काच्या भिंतीआड बसायची आमची इच्छा नाही. दार उघडे ठेवायचे तर दोन्ही बाजूंनी ठेवा. भाव चढला की बाहेरचे दार बंद आणि पडायची वेळ आली की आतले दार सताड, हा व्यापार नव्हे.

म्हणून मसुद्यात आमची दुरुस्ती आहे. 'आमचे राज्य' या शब्दांनंतर पुढील वाक्य घालावे: 'या राज्यात पिकलेला माल राज्याबाहेर किंवा देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा, किंवा तो एकाच खरेदीदाराला विकण्याची सक्ती करणारा कायदा राज्याची विधानसभा करणार नाही; आणि निर्यातबंदीविरुद्ध राज्य सरकार न्यायालयात शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहील.' व्यासपीठावर येऊन पाठिंबा देणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याची या वाक्याखाली सही घ्यावी. जो म्हणेल 'आधी राज्य, मग बघू', त्याचे नाव बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे.

दुरुस्तीवर चर्चा बैठकीच्या दुसऱ्या सत्रात होईल. एकाधिकाराच्या काळातल्या जुन्या पावत्या, चुकाऱ्याच्या चिठ्ठ्या कोणाकडे शिल्लक असतील तर बरोबर आणाव्यात. भाकरी ज्याची त्याने बांधून आणावी.