कात्री लागण्याआधी

उमराहला निघालेल्या माणसाच्या बॅगेत हल्ली दोन चिठ्ठ्या असतात. एकीवर दुआंसाठी सांगितलेली नावे, दुसरीवर मापे. 'भाईजान, मदिन्याहून माझ्यासाठी एक जुब्बा शिवून आणा', 'खाला, दुबईला जाताच आहात तर मला तिथला अबाया हवा.' कोकणातल्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी आखातात नोकरीला आहे. मराठवाडा-खानदेशातूनही उमराहला जाणाऱ्यांची ये-जा आहेच. परदेशात कपडे शिवून घेणे ही आता केवळ श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. त्यात घरातला साठवलेला पैसा जातो आणि चार दिवसांच्या सफरीतला वेळही. म्हणून या महिन्यात त्याविषयी.

आमच्या परिचयातील एका घरातले बुजुर्ग उमराहला गेले होते. मुले आणि जावई मिळून पाच जुब्बे त्यांनी शिवायला टाकले. मनात होता साधा, बिनकॉलरचा, मोकळ्या बाहीचा जुब्बा. हाती आले ते ताठ कॉलरचे आणि कफलिंक लावायच्या मनगटाचे. दुकानदार म्हणाला, 'इथे असाच शिवतात, तुम्ही वेगळे काही सांगितले नव्हते.' हे म्हणाले, 'सांगितले होते.' पावतीवर काय होते? पाचचा आकडा आणि रक्कम. विमान त्याच रात्रीचे. जुब्बे आले, कपाटात गेले आणि तिथेच राहिले. आम्हाला विचाराल तर दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. 'साधा जुब्बा' या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा होता.

हा वाद नवा नाही. हनफी फिकहच्या 'मुख्तसर अल-कुदूरी' या जवळजवळ हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात असाच प्रश्न आहे. कापडाचा मालक म्हणतो, मी कबा शिवायला सांगितला होता; दर्जी म्हणतो, तुम्ही कमीस सांगितली होती. मानायचे कोणाचे? शपथ घेऊन मालक सांगेल ते, असा तिथे निवाडा आहे. इमाम अबू हनीफा स्वतः कुफा शहरात कापडाचा व्यापार करत असत, तेव्हा कापड आणि कारागीर यांच्यातले वाद या फिकहला परके नव्हते. पण हा निवाडा काजीसमोरचा आहे. आपल्याला रात्रीचे विमान गाठायचे असते, तिथे काजी कुठून आणायचा?

फिकहमध्ये शिलाईच्या व्यवहाराचे दोन प्रकार केलेले आहेत. कापड आपले आणि मेहनत दर्ज्याची असेल तर तो इजारा, म्हणजे मजुरीचा करार. कापडही त्याचेच असेल तर तो इस्तिस्ना, म्हणजे वस्तू बनवून घेण्याचा करार. बारकावे उलेमांनी सांगावेत. आपल्यापुरते एवढे पुरे की दोन्हींत काय बनवायचे आणि किती पैशांत, हे आधी स्पष्ट हवे. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. आपण लाखाची उधारी लिहितो आणि पाच जुब्बे तोंडी सांगून मोकळे होतो. गावातल्या दर्ज्याकडे ते चालते, कारण चुकले तर संध्याकाळी पुन्हा जाता येते. परदेशात ती दुसरी फेरी नसते. म्हणून कापडाला कात्री लागण्याआधी पाच गोष्टी ठरवाव्यात.

पहिली गोष्ट, नमुना. आपण ज्याला सरसकट जुब्बा म्हणतो तो सगळीकडे एकसारखा नसतो. सौदीत त्याला सौब म्हणतात. त्याची कॉलर बहुधा ताठ असते आणि मनगटाला अनेकदा शर्टासारखा कफ असतो. अमिरातीत तो कंदुरा होतो; त्याला कॉलर नसते, गळ्यापासून खाली एक लांब गोंडा लोंबतो. ओमानच्या दिशदाशालाही कॉलर नसते, पण गोंडा आखूड असतो. दर्जी लखनऊचा असो, मुलतानचा असो की ढाक्याचा, तो हात बसलेला नमुनाच शिवणार. उर्दू-हिंदी बहुतेक दुकानांत चालते, पण नुसत्या शब्दांवर विसंबू नये. घरून अंगाला नीट बसणारा एक जुना कपडा न्यावा आणि 'असा' म्हणून समोर ठेवावा. घोट्याच्या वर जुब्बा ठेवणाऱ्यांनी ते वेगळे सांगावे. न सांगितल्यास दर्जी तिथल्या रिवाजाप्रमाणे लांबी धरील.

दुसरी गोष्ट, कापड. भाव वाराचा आहे की मीटरचा, हे आधी विचारावे. चार वार म्हणजे ३ मीटर ६६ सेंटिमीटर. चार मीटर समजून चार वार घेतले तर साधारण अर्ध्या बाहीचे कापड कमी पडते. पन्हाही पाहावा. आपल्याकडचे बरेचसे कापड ३६ किंवा ४४ इंच पन्ह्याचे. तिथे अबायाचे कापड साधारण ६० इंची मिळते, त्यामुळे लांबी कमी लागते. घरचा हिशेब तिथे लावला तर कापड उगाच जास्त घेतले जाते. जुब्ब्यासाठी तिथे जपानी कापडाचे नाव मोठे आहे. ते पांढरेशुभ्र राहते आणि चुरगळत नाही, पण त्यात बहुतेकदा पॉलिस्टर असते. एसीच्या खोलीत उत्तम. मे महिन्यातल्या चिपळूणमध्ये तेच अंगाला चिकटते. सुती कापड घेतले तर बेतण्याआधी भिजवून घ्यायला सांगावे, नाहीतर पहिल्या धुण्यात जुब्बा आखूड होतो.

पुरुषांच्या कपड्यात रेशीम नको, हे आपण जाणतोच. 'सिल्क' म्हणून दाखवलेले कित्येक कापड प्रत्यक्षात पॉलिस्टर असते. शंका असेल तर काठाचे दोन धागे मागून घ्यावेत आणि बाहेर येऊन जाळून पाहावेत. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. वरच्या कापडाबरोबर अस्तराचीही विचारणा करावी.

दुबईत कापड पाहायचे असेल तर बर दुबईच्या बाजूला टेक्स्टाइल सूक आणि मीना बाजार आहे, खाडीपलीकडे देरा आहे, आणि अब्रा एका दिरहममध्ये पलीकडे सोडते. दोन्ही काठांवर भाव विचारावा. शिलाईसाठी सतवा भागातल्या दर्ज्यांचे नाव तिथे राहणारे आवर्जून घेतात.

तिसरी गोष्ट, माप. तयार जुब्ब्यावर ५४, ५६, ५८ असे आकडे असतात ते लांबीचे, इंचांत. छातीचा आकडा समजून घेतलेले जुब्बे आम्ही पाहिले आहेत. चिठ्ठीवर आकड्यापुढे इंच की सेंटिमीटर ते लिहावे आणि आकडे इंग्रजी लिहावेत. मराठी आकडे तिथल्या दर्ज्याला वाचता येतीलच असे नाही. शिवणीच्या आत दीड-दोन इंच जादा कापड ठेवायला सांगावे, म्हणजे पुढे उसवून सैल करता येते.

आणि जो माणूस समोर हजर नाही, त्याचा कपडा शक्यतो तिथे शिवूच नये. चिठ्ठीवरच्या मापात खांद्याचा उतार येत नाही, पोटाचा घेर सहा महिन्यांत बदलतो, मुले तर वाढतच असतात. त्यांच्यासाठी कापड आणावे. आपल्या गल्लीतला दर्जी ते अंगावर माप घेऊन बेतेल, त्यालाही काम मिळेल. शिवाय उमराहला गेलेल्याचे मोजके दिवस दुकानाच्या फेऱ्यांत जाणार नाहीत.

चौथी गोष्ट, दिवस. कपडा जाण्याच्या दिवशी मिळणार असेल तर तो शिवू नये. मध्ये एकदा अंगावर घालून पाहण्यासाठी आणि नंतर दुरुस्तीसाठी, असे दोन-तीन दिवस हाताशी हवेत. रमजानमध्ये जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ईद जवळ आली की बरेच दर्जी नवे काम घेणे बंद करतात, आणि जे घेतात त्यांच्याकडे आधीचाच ढीग असतो.

पाचवी गोष्ट, पैसे. अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, सौदीत जुलै २०२० पासून १५ टक्के. सांगितलेल्या रकमेत तो धरला आहे का, हे आधीच विचारावे. आगाऊ रक्कम द्यावी, पण काही रक्कम कपडा घालून पाहिल्यावर देण्याचे ठरवावे.

भावाची घासाघीस कापडाची करावी, शिलाईची नको. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला मालक वेगळा आणि मागच्या खोलीत मशीनवर बसलेला कारागीर वेगळा. त्याला पुष्कळदा नगावर मजुरी मिळते. शिलाईतले पाच रियाल आपण कमी करतो तेव्हा ते कोणाच्या हिश्श्यातून जातात, हे सांगायला नको. 'उद्या सकाळी हवाच' म्हणतो तेव्हा त्याची रात्र जाते. तोही आपल्यासारख्याच घरातला असतो. त्याची मुलेही अब्बूंनी पाठवलेल्या ईदच्या कपड्यांची वाट पाहत असतात.

या पाचही गोष्टी पावतीच्या मागे लिहायला दहा मिनिटे लागतात. नमुना, कापड, माप, दिवस, पैसे. खाली दुकानदाराची सही घ्यावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्यात अविश्वास नाही. उलट दोघांनाही शपथ घेण्याची वेळ येत नाही. आणि कपडा अंगाला नीट बसला, तर उरलेले पैसे मोजताना कारागिराला बाहेर बोलवावे आणि शुक्रिया त्याच्या तोंडावर म्हणावा.