उसनी रसिकता

कांहीं सुशिक्षित मंडळींचें म्हणणें असें ऐकूं येतें कीं, गोव्याचे रेमो फर्नांडिस यांचीं गाणीं इंग्रजी, वाद्यें परकीं, सबब आपल्या संस्कृतीशीं त्यांचा संबंध नाहीं. हें मत आम्हांस मान्य नाहीं. इतकेंच नव्हे, तर आपल्या एका जुन्या खोडीवर घातलेलें तें पांघरूण आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. फर्नांडिस यांचा 'गोवन क्रेझी' हा गीतसंग्रह १९८४ सालीं निघाला. शिवोली येथील आपल्या घरींच, चार पट्ट्यांच्या कॅसेट-यंत्रावर त्यांनीं तो मुद्रित केला. गाणीं त्यांचीं, चाली त्यांच्या, वाद्यांवरचे हातहि त्यांचेच. मोठ्या कंपनीचें पाठबळ नव्हतें, म्हणून पिवळ्या स्कूटरवरून हिंडून त्या कॅसेटी त्यांनीं स्वतःच विकल्या. १९८१ सालीं सिंधुदुर्ग निराळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची सीमा गोव्याला भिडलेली होती. इतक्या जवळची ही गोष्ट आमच्या किती घरांत पोंचली? १९८७ सालीं 'जलवा' या हिंदी चित्रपटांतून तोच आवाज आला, तेव्हां मात्र मुलें गुणगुणूं लागलीं. २००७ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां वडीलधाऱ्यांनींहि मान डोलाविली. गाणारा तोच, शिक्का तेवढा नवा!

ही खोड केवळ आमचीच नव्हे. जमेकांतील बॉब मार्ली व 'वेलर्स' यांचा 'कॅच अ फायर' हा रेगे संगीताचा संग्रह १९७३ सालीं निघाला. किंग्स्टन येथें मुद्रित झालेल्या त्या गाण्यांवर परदेशीं श्रोत्यांच्या रुचीसाठीं लंडनमध्यें गिटार आदि वाद्यांचे नवे थर चढविण्यांत आले. परंतु आरंभीं खप बेताचाच असतांहि तेथील टीकाकारांनीं तीं गाणीं ऐकून त्यांची दखल घेतली. आम्ही ऐकण्यापूर्वींच निकाल देतों.

आतां परकेपणाचा मुद्दा. बालगंधर्वांच्या पदांना साथ करणारें ऑर्गन कोणत्या देशाचें? पेटी कोठून आली? तीं आपलीं झालीं, कारण आपण तीं कानांनीं पारखलीं. आणि इंग्रजीचा विटाळ आम्ही मानावा काय? आमच्या पदव्या, आमच्या नोकऱ्या, आमच्या लग्नपत्रिकांतील नांवांपुढचीं अक्षरें, सारें त्याच भाषेचें देणें आहे!

फर्नांडिस यांचें प्रत्येक गाणें उत्तम आहे असा आमचा दावा नाहीं. कांहीं हलकींफुलकीं असतील, कांहीं फसलींहि असतील. परंतु तें ऐकल्यावर सांगावें. उद्यां संगमेश्वराकडच्या एखाद्या वाडींतला मुलगा जाखडीचा ठेका धरून मोबाइलवर आपलें गाणें मुद्रित करील. त्यालाहि आपण मुंबईचा दाखला मागणार काय? तो दाखला येईपर्यंत त्याचा गळा थांबेल याची शाश्वति कोणी द्यावी?