बोट कोणाची होती? वॉलेसच्या शोधांमागचे दर्यावर्दी

१/ विज्ञानाच्या इतिहासात शोधाचे वर्ष, शोधकाचे नाव आणि प्रजातीचे लॅटिन नाव हमखास नोंदवले जाते. तो शोधक त्या बेटावर कोणाच्या बोटीतून, किती भाड्यात आणि कोणत्या वाऱ्याची वाट पाहून पोहोचला, हे मात्र तळटीपेतही क्वचित सापडते. आल्फ्रेड रसेल वॉलेस (१८२३–१९१३) याच्या मलाय द्वीपसमूहातील प्रवासांकडे या बाजूने पाहिले, तर उत्क्रांतिविचाराच्या इतिहासाचा मोठा भाग बंदरांच्या धक्क्यांवर घडलेला दिसतो. त्याविषयी हा धागा.

२/ डार्विनकडे 'बीगल' होते. ते ब्रिटिश आरमाराचे जहाज. त्याचे खलाशी आणि वेळापत्रक सरकारी. वॉलेसकडे ना घरची संपत्ती होती, ना आरमाराचा आश्रय. ॲमेझॉनच्या खोऱ्यात चार वर्षे काढून १८५२ मध्ये तो मायदेशी निघाला, तेव्हा 'हेलन' नावाचे जहाज भर समुद्रात जळाले आणि त्याच्यासोबतचा संग्रह नष्ट झाला. लंडनमधील प्रतिनिधी सॅम्युएल स्टीव्हन्स याने उतरवलेल्या विम्याचे २०० पौंड तेवढे हाती आले.

३/ १८५४ मध्ये तो सिंगापूरला पोहोचला. तिथपर्यंतच्या प्रवासाची सोय रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या मध्यस्थीने झाली होती. पुढच्या आठ वर्षांतली प्रत्येक बोट त्याची त्यालाच शोधावी लागली. १८६२ पर्यंत साठ-सत्तर स्वतंत्र प्रवास, सुमारे १४,००० मैलांची भटकंती आणि १,२५,६६० नमुने, असा हिशेब त्याने स्वतः दिला आहे. जादा नमुने स्टीव्हन्समार्फत विकून खर्च भागे. म्हणजे बोटीचे भाडे भुंगेरे, फुलपाखरे आणि पक्षी यांच्या विक्रीतून निघत असे.

४/ सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १८५६ चा. वॉलेसला सिंगापूरहून मकास्सरला जायचे होते. पण थेट जाणारे गलबत मिळेना. शेवटी एका चिनी व्यापाऱ्याच्या मालकीच्या, जावाच्या खलाशांनी चालवलेल्या आणि इंग्रज कप्तान असलेल्या शिडाच्या जहाजाने तो बालीला आणि तेथून लोंबोकला गेला. बाली आणि लोंबोक यांमध्ये केवळ एक सामुद्रधुनी आहे. अलीकडे आशियाई वळणाचे पक्षी, पलीकडे काकाकुवा आणि मधुभक्षी अशी ऑस्ट्रेलियाची पाखरे.

५/ आशियाई आणि ऑस्ट्रेलियन जीवसृष्टीमधील ही सीमा पुढे 'वॉलेस रेषा' म्हणून ओळखली जाऊ लागली. हे नाव हक्स्लेने १८६८ मध्ये रूढ केले. थेट मकास्सरचे गलबत मिळाले असते, तर आपण या बेटांकडे बहुधा फिरकलोच नसतो, अशी कबुली वॉलेसने स्वतःच देऊन ठेवली आहे. जीवभूगोलातील एका पायाभूत रेषेच्या उगमाशी एक न मिळालेली बोट आहे आणि एका चिनी व्यापाऱ्याची मिळालेली बोट आहे.

६/ पुढचा टप्पा अरू बेटांचा. स्वर्गपक्ष्यांच्या ओढीने वॉलेस डिसेंबर १८५६ मध्ये मकास्सरहून निघाला. ही तारीख विज्ञानाने ठरवलेली नव्हती. पश्चिमेचा मोसमी वारा धरून डिसेंबर-जानेवारीत जायचे आणि पूर्वेचा वारा सुरू झाल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये परतायचे, असे तेथील व्यापाऱ्यांचे वर्षाचे चक्र होते. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या कोकणाला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

७/ ज्या 'प्राउ'मधून तो गेला, ती सुमारे ७० टनांची होती. चटयांची शिडे, वेताच्या दोरांनी बांधलेली दोन सुकाणू, तीसेक खलाशी आणि वॉलेसच्या वाट्याला गवताने शाकारलेली, जेमतेम पाय पसरता येतील एवढी खोली. समुद्रावर इतकी सुखाची जागा आपल्याला कधी लाभली नव्हती, असे त्याचे मत होते. तेल, डांबर आणि नव्या रंगाच्या दर्पापासून सुटका, हे त्याच्या समाधानाचे एक कारण.

८/ या बोटीला 'वैज्ञानिक मोहीम' म्हणणे अवघड आहे. ती मोती-शिंपले आणि समुद्रकाकडी आणायला निघालेली व्यापारी बोट होती. खलाशीही आपापला थोडाफार माल घेऊन चढले होते. विज्ञान या बोटीवर उतारू होते. व्यापाराच्या हंगामात गजबजणारे डोबो हे गाव मुक्कामाला होते, म्हणून वॉलेसला अरूमध्ये सहा महिने राहता आले. आणि जुलै १८५७ मध्ये सारा तांडा परत फिरला, तेव्हा त्यालाही परतावे लागले. सुमारे १,००० मैलांचा तो परतीचा प्रवास साडेनऊ दिवसांत पार पडला.

९/ याच प्रवासात त्याने के बेटांवरचे बोटबांधणीचे काम पाहिले. लोखंडी खिळा नाही, कागदावरचा आराखडा नाही. अखंड झाडातून कोरून काढलेल्या फळ्या लाकडी खुंट्यांनी कडेला कड जोडायच्या आणि आतल्या वाकांना वेताने आवळायच्या. युरोपातील उत्तम कारागिरालाही याहून पक्का सांधा जमणार नाही, असा निर्वाळा त्याने दिला. 'रानटी' हा शब्द सहज वापरणाऱ्या काळातला हा निर्वाळा आहे, म्हणून तो लक्षात ठेवण्याजोगा.

१०/ तीन वर्षांनी वॉलेसने वेगळा मार्ग धरला. दुसऱ्यांच्या वेळापत्रकातून सुटण्यासाठी १८६० मध्ये गोराम येथे त्याने १०० गिल्डरना, म्हणजे सुमारे ९ पौंडांना, स्वतःची छोटी प्राउ विकत घेतली. के बेटांच्या कारागिरांकडून ती सजवून घेतली. मिसूल बेटावर थांबलेल्या चार्ल्स ॲलन या सहकाऱ्याला रसद पोहोचवायची आणि मग वायगेओला जायचे, असा बेत होता.

११/ त्या बेताचे काय झाले, याची यादी वॉलेसनेच दिली आहे. पहिले खलाशी पळून गेले. दोन माणसे एका निर्जन बेटावर महिनाभर अडकली. बोट दहा वेळा प्रवाळावर रुतली, चार नांगर हरवले, शिडे उंदरांनी कुरतडली, मागे बांधलेली लहान होडी वाहून गेली. बारा दिवसांच्या परतीच्या वाटेला अडतीस दिवस लागले. एकूण ७८ दिवसांत एकही दिवस वारा अनुकूल नव्हता. मिसूलला तर बोट लागलीच नाही. ॲलन तांदळाची वाट पाहत राहिला.

१२/ ही यादी सहसा दुर्दैवाची कहाणी म्हणून वाचली जाते. वारा आणि प्रवाह हे त्यातले खरे कारण होतेच, आणि दोन वेगळ्या मार्गांची काटेकोर तुलनाही करता येत नाही. तरीही एक फरक नजरेआड करू नये. अरूच्या वाटेवर त्याने केवळ जागेचे भाडे भरले नव्हते. त्या भाड्यात अनेक पिढ्यांचे सागरी ज्ञान अंतर्भूत होते. गोराममध्ये त्याने बोट विकत घेतली. ते ज्ञान मात्र ९ पौंडांत येत नव्हते.

१३/ पळून गेलेल्या खलाशांविषयीही थोडे थांबून बोलले पाहिजे. प्रवासवर्णनांत ही माणसे विश्वासघातकी ठरतात. त्यांची बाजू लिहून ठेवणारे कोणी नव्हते. परक्या माणसाच्या कामासाठी, त्यांना भय वाटणाऱ्या किनाऱ्यांकडे, लहानशा बोटीतून जाण्याचा सौदा त्यांनी मध्येच मोडला, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. त्याच वेळी, निर्जन बेटावर राहिलेल्या दोघांना शोधायला वायगेओच्या मुका गावाहून गेलेली बोट पहिल्यांदा रिकामी आली, तरी दुसऱ्यांदा गेली आणि दोघांना जिवंत घेऊन आली. त्या नाविकांची नावे कोणत्याही शोधाला दिलेली नाहीत.

१४/ एक नाव मात्र उरले: अली. सारावाकचा हा मलाय तरुण १८५५ च्या सुमारास स्वयंपाकी म्हणून आला आणि पुढे नेम धरणे, पक्ष्यांची कातडी सोलून टिकवणे, बोट सांभाळणे अशी सारी कामे शिकला. १८५८ मध्ये बाचान बेटावर त्याने एक अनोळखी स्वर्गपक्षी मारून आणला. विज्ञानाला तो पक्षी नवा होता. त्याचे नाव पडले 'सेमिओप्टेरा वॉलेसी'. पक्षी अलीने आणला. नाव वॉलेसचे राहिले.

१५/ यावर एक रास्त आक्षेप आहे. तर्नातेहून १८५८ मध्ये डार्विनला धाडलेला, त्याच वर्षी १ जुलैला लिनियन सोसायटीत वाचला गेलेला नैसर्गिक निवडीवरचा निबंध कोणा खलाशाने लिहिला नव्हता. विखुरलेल्या बेटांवरच्या पाखरांमधून सिद्धान्त काढण्याची प्रतिभा वॉलेसचीच. शिवाय अलीचे नाव, के बेटांची कारागिरी आणि स्वतःची फजिती हे सारे आज कळते, ते वॉलेसने लपवले नाही म्हणूनच. त्याला खलनायक करण्याचे कारण नाही.

१६/ परंतु प्रतिभा मान्य केल्याने भाड्याचा हिशेब मिटत नाही. काही ठिकाणी तर तो हिशेब पैशांचाही नव्हता. डच अधिकाऱ्यांची पत्रे दाखवली की गावोगावच्या प्रमुखांनी बोट आणि वल्हेकरी पुरवावेत, अशी व्यवस्था होती. अशा वेळी वल्हे मारणारा मजूर होता की वेठबिगार, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. वसाहतवादाचा हात पुष्कळदा अशा साध्या शिफारसपत्रातूनच दिसतो.

१७/ हा प्रश्न जुना झालेला नाही. आजही दुर्गम उष्णकटिबंधीय बेटांवर संशोधनाला जाणारे पथक स्थानिक बोट भाड्याने घेते. कोणत्या प्रवाळाजवळ नांगर टाकावा, कोणत्या महिन्यात निघूच नये, कोणते झाड कोणत्या खाडीत आहे, हे तांडेलाला ठाऊक असते. शोधनिबंधात त्याचे योगदान 'वाहतूक खर्च' या सदरात जाते. मार्ग दाखवणे आणि नमुन्याची जागा ओळखणे हे ज्ञान असेल, तर श्रेय देतानाही ते ज्ञान म्हणूनच मोजले पाहिजे; किमान आभारांत नाव तरी यावे.

१८/ संग्रहालयातील पाट्यांवर प्रजाती, बेट, वर्ष आणि संग्राहक असतो. त्यात आणखी एक ओळ बसू शकते: कोणत्या बोटीने, कोणाच्या हातून. प्रत्येक वेळी नाव सापडणार नाही. तिथे 'खलाशांची नावे नोंदवलेली नाहीत' असे लिहिणेही प्रामाणिकपणाचेच ठरेल. यापुढे कोणत्याही शोधयात्रेचे वर्णन हाती आले, तर नकाशावरची ठळक रेषा पाहण्याआधी भाडे, वारा आणि सुकाणूवरचा माणूस शोधावा. ती रेषा त्याने ओढलेली असते. (समाप्त)